दोन्ही कान नॉर्मल

ही गोष्ट सांगायची मी पस्तीस-छत्तीस वर्षं टाळली. "तुमच्या बरोबरीचा तो पोखर्णीचा नेव्हीवाला बहिरा कशानं झाला हो?" असं कुणी विचारलं, की मी "इंजिनाच्या आवाजानं" एवढंच म्हणायचो आणि आतल्या घराकडे तोंड करून चहा सांगायचो. उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. आता मी पंच्याहत्तरीचा झालो आणि तो उरला नाही. राहिलेलं अर्धं आज लिहून काढतो.

तुमच्यापैकी कुणी त्याला पाहिलं असेल, तर आधी त्याचे हात आठवतील. माणूस दारात आला की नमस्कार-चमत्कार करायच्या आधी तो त्याचे दोन्ही खांदे धरायचा आणि त्याला उजेडाकडे वळवायचा. "इकडं, उजेडात या. मंग बोला." तलाठी असो, व्याही असो, सगळ्यांना हीच रीत. एकदा नवीन आलेल्या ग्रामसेवकाला वाटलं, हा गडी अंगावर येतोय. तो दोन पावलं मागे सरला, तर हा तीन पावलं पुढे. शेवटी ओट्यावरून त्याची बायको, आमच्या वहिनी, ओरडल्या, "घाबरू नका साहेब, तोंड बघायलेत तुमचं. त्याबिगर कळत न्हाई त्यांना!"

त्याचं खरं वैर मिशांशी होतं. आमच्याकडे मिशा राखायची हौस फार, आणि ओठांवर लोंबणारी मिशी असली की ह्याचा सगळा कारभार बंद. भावकीतल्या एका पैलवानाला तो भर पंगतीत म्हणाला होता, "तू काय बोलायलास ते तुझ्या मिशीला ठाऊक. एकतर ती काप, न्हाईतर पाटीवर लिही." पैलवान रागावला. पण पुढच्या वेळी भेटला तेव्हा बोलताना एका बोटाने मिशी वर धरून बोलत होता.

गावात त्याला फौजी म्हणत. ते त्याला आवडत नसे. "फौजी न्हाई, नेव्ही," तो दरवेळी दुरुस्त करायचा. नृसिंहाच्या यात्रेत भोंग्याच्या खालची जागा नेहमी रिकामी असते, तिथे तो मांडी घालून निवांत बसायचा. "एवढी चांगली जागा सोडून लोक तिकडं काहून दाटीवाटी करायलेत?" असं मला विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

मी झरीचा. आमची ओळख झाली ती मात्र समुद्रावर. जहाजावरच्या दवाखान्यात मी मेडिकल असिस्टंट होतो. गोळ्या देणं, मलमपट्टी करणं आणि वार्षिक तपासणीचे फॉर्म भरणं हे माझं काम. एक दिवस इंजिन रूममधला एक खलाशी भाजलेला हात घेऊन आला. हिंदीत सांगता सांगता मध्येच कळवळून म्हणाला, "अगं माय, लय आग व्हायलीय!"

मी मान वर केली. "कुठला रे तू?"

"परभणीचा."

"परभणीत कुठला?"

"पोखर्णी. अन तुमी?"

"झरी."

भाजलेला हात विसरून त्याने मला मिठी मारली. पुढची दहा मिनिटं आम्ही बसस्टँडवरच्या भज्यांबद्दल बोललो आणि मग मी मलम लावलं. त्या दिवसापासून मी त्याचा 'डाक्टर' झालो, आणि 'तुमी'चा 'तू' व्हायला आठवडाही लागला नाही.

एकदा त्याने हौसेने मला खाली इंजिन रूममध्ये नेलं. त्या लोखंडी शिडीवरून उतरताना आवाज नुसता कानात शिरत नाही, छातीत शिरतो, दाढांमध्ये शिरतो. दोन माणसं नाकाला नाक लावून उभी राहिली तरी एकाचं ओरडणं दुसऱ्याला पोचत नाही. म्हणून तिथे सगळं बोलणं हातांनी. मनगट फिरवलं की व्हॉल्व्ह उघडायचा, गळ्यावरून हात फिरवला की बंद करायचा. आणि उरलेलं ओठांवरून. ओठ वाचायला तिथे कुणी शिकवत नाही, चार-सहा महिन्यांत आपोआप येतं. कानांवर घालायची झाकणं असत, पण हा ती मानेवर अडकवून ठेवी.

"घालत काहून न्हाईस?" मी विचारलं.

"इंजिन दुखायला लागलं की आधी त्याचा सूर बदलतोय, डाक्टर. कान झाकून घेतल्यावर मला कसं कळंल?"

चार तासांची पाळी संपवून वर आला की म्हणायचा, "कानात रातकिडे बोलायलेत." सुरुवातीला हे रातकिडे जेवणापर्यंत गप्प व्हायचे. पुढे झोपेपर्यंत. आणि एक दिवस तो मला म्हणाला, "डाक्टर, आता ते गप्पच बसत न्हाईत."

कानांची तपासणी तेव्हा अशी होई: माणसाला पाठमोरं उभं करायचं, एका कानात बोट घालायला लावायचं आणि वीस फुटांवरून हळू आवाजात आकडे कुजबुजायचे. ऐकू आले की त्याने ते मोठ्याने म्हणायचे. मग दुसरा कान. जहाजावर वीस फूट मोकळी जागा म्हणजे दवाखान्याबाहेरचा अरुंद बोळ. त्या वर्षी मी बोळाच्या टोकाला उभा राहून चार वेळा आकडे कुजबुजलो. तो भिंतीकडे तोंड करून स्वस्थ उभा. थोड्या वेळाने वैतागून म्हणाला, "डाक्टर, सुरू कर की! पाय दुखायलेत माझे."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. मी जवळ जाऊन त्याला वळवलं. "मी चार डाव बोललो," म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. कानात दोष लिहिला असता तर त्याला जहाजावरून उतरवून किनाऱ्यावरच्या कामाला लावलं असतं, आणि त्याला पुढच्या कोर्सला जायचं होतं.

"मला किनाऱ्यावर बसवू नको," तो म्हणाला. "इंजिन सोडून मला काय येतंय?"

पुढची युक्ती माझी होती. त्याने ती मागितली नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो. मी त्याला तीन आकडे पाठ करायला दिले: त्रेपन्न, एकोणऐंशी, बावीस. जहाजाची जमीन लोखंडी. वीस फुटांवर बुटाची टाच हळूच आपटली तरी तिचा हादरा उघड्या तळपायाला कळतो. टाच पडली की त्याने पहिला आकडा म्हणायचा, दुसऱ्यांदा पडली की दुसरा. तपासणीला अनवाणीच उभं राहावं लागे. आतल्या खोलीतले डॉक्टरसाहेब त्याचे ठणठणीत आकडे ऐकत आणि माझ्यावर विसंबून सही करत. संध्याकाळी चहा पिताना आम्ही पोट धरून हसलो. गाववाल्यासाठी एवढं केलं, याचा मला अभिमान वाटला होता.

तीन वर्षं आम्ही हेच केलं.

चौथ्या वर्षी त्याची नोकरी संपत आली. शेवटच्या तपासणीच्या दिवशी तो आत आला आणि दार लावून घेतलं.

"औंदा टाच आपटू नको," तो म्हणाला. "खरं लिही. आता घरीच जायलोय, लपवून काय करू? माय म्हातारी झालीय. थोरल्या भावाला, आप्पाला, सांगायला मला लाज वाटती. कागद दाखवला म्हणजे तोंडानं सांगायचं काम न्हाई."

"लिहितो," मी म्हणालो.

तो गेला. मी फॉर्म समोर घेतला. मागच्या तीन पानांवर माझ्याच अक्षरात 'नॉर्मल' लिहिलेलं. आता एकदम 'दोष' लिहिला तर डॉक्टरसाहेबांचा पहिला प्रश्न असणार, मागची तीन वर्षं कान कुणी तपासले? माझी दीड वर्षं नोकरी बाकी होती. झरीला बायको होती, तीन लेकरं होती. मी पेन उचललं आणि लिहिलं, दोन्ही कान नॉर्मल. दोष लिहिला असता तर त्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. दोष नव्हता, म्हणून कुणी पाठवलं नाही.

संध्याकाळी तो भेटला. "लिहिलंस?"

त्याला नीट वाचता यावं म्हणून मी त्याच्याकडे तोंड करून, ओठ सावकाश हलवून म्हणालो, "लिहिलं."

तो कागद इंग्रजीत, आकड्यांनी आणि तुटक अक्षरांनी भरलेला. त्याने तो न वाचता ट्रंकेत ठेवला, इतका त्याचा माझ्यावर विश्वास. घरी गेल्यावर कागद दाखवायचंही तो उद्यावर ढकलत राहिला. ओठ इतके चांगले वाचायचा की घरात कुणाला शंकाही आली नाही. हाक मारल्यावर कधी ओ दिली नाही, तर 'नोकरीवरून आलाय, जरा ताठा आहे' एवढंच.

चार महिन्यांनी त्याची माय न्हाणीत पडली. खुबा मोडला. हा तिथून दहा पावलांवर, ओसरीत भिंतीकडे तोंड करून वहिनींचं शिवणयंत्र उघडून बसला होता. वहिनी शेतात. माय त्याच्या नावाने हाका मारत राहिली. घसा बसेपर्यंत मारल्या. आप्पा दुकान बंद करून जेवायला आले तेव्हा ती ओल्या फरशीवर पडलेली आणि हा शिवणयंत्राला तेल देत बसलेला. आप्पांना बघून तो हसला आणि म्हणाला, "झालं बघा, आता नव्यासारखं चालंल."

माय एकोणीस दिवस जगली. कण्हताना एकच म्हणायची, "मी लय हाका मारल्या रे."

ते लिंगायत, त्यांच्यात मृताला पुरतात. मातीनंतरचे विधी आटोपून ते करणारे स्वामी निघून गेले आणि सगळी भावकी अंगणात बसली होती, तेव्हा आप्पांनी त्याला उजेडात उभं करून विचारलं, "का उठला न्हाईस तू?"

"मला ऐकू येत न्हाई, आप्पा."

"कवापासून?"

"लय दिवसांपासून. जहाजावर गेलं. खोटं वाटत असंल तर कागद हाय माझ्याकडं."

तो स्वतः आत गेला, ट्रंक उघडली आणि कागद आणून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो शेजारच्या मास्तरांना वाचायला दिला. मास्तरांनी दोनदा वाचला. मग खाली बघत म्हणाले, "यात तर दोन्ही कान नॉर्मल लिहिलंय."

मास्तरांनी मान खाली घातलेली, त्यामुळे ते काय बोलले हे त्याला कळलं नाही. तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हे त्याने मला स्वतः सांगितलं. "डाक्टर, मला वाटलं आता आप्पा मला जवळ घेतील."

आप्पांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. एका घराची दोन घरं झाली, मध्ये भिंत आली. 'तसंही त्याला कुठं ऐकू येतंय' असं गावात कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. तो समोरून आला की आप्पा तोंड फिरवत. आप्पा गप्प आहेत की काही बोलतायत, हेसुद्धा त्याला कधी समजलं नाही.

मी नोकरी संपवून परभणीत आलो आणि एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात तो आला. खिडकीपाशी मला उभं केलं आणि म्हणाला, "डाक्टर, घात झाला. आपला कागद कुणीतरी बदलला."

बघा, मी तेव्हा नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "कारकुनाची चूक असंल. नक्कल करताना होतं असं."

त्या क्षणी मी त्याला एक शत्रू दिला. आयुष्यभर तो त्या नसलेल्या कारकुनाला शिव्या देत राहिला. "एवढं मोठं जहाज चालवतेत अन एक ओळ नीट उतरवता येत न्हाई भाडखाऊला!" शिव्या देऊन झाल्या की अर्ज करायचा. अर्ज कोण लिहिणार? माझं अक्षर चांगलं. त्याच्या शेजारी बसून, त्याने आणलेली केळी खात, मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'नकलकाराच्या चुकीमुळे माझ्यावर अन्याय झाला आहे.' उत्तर ठरलेलं यायचं: तपासणीच्या वेळी कोणताही दोष आढळून आला नव्हता.

मी त्याला परभणीतल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, आवाजाने गेलेत, जुनं आहे, आता परत येणार नाहीत. तो कागद त्याने आप्पांच्या दुकानात पोराकरवी पाठवला. आप्पांचा निरोप आला, "आता गेले असतील. माय पडली तवा सरकारनं तपासलेले होते."

"मला पैसा नको, डाक्टर," तो म्हणायचा. "आप्पाला दाखवायला एक ओळ पायजे. तू लिहिलं होतंस ना, तेवढं लिहून दे की. 'मी याचे कान तपासले, याला ऐकू येत नव्हतं.' खाली तुझी सही."

"बघू," मी म्हणायचो. "अशा कागदाला शिक्का लागतो." शिक्का लागत नव्हता. आप्पांना माझी सही पुरली असती. पण त्या एका ओळीनंतर 'मग तेव्हा काय लिहिलं होतं?' हा प्रश्न येणार होता. माझं पेन्शन सुरू होतं, दवाखान्यात मान होता, मुलीचं लग्न ठरत होतं. मुलीचं लग्न झालं, दुसरीचंही झालं, आणि ती ओळ तशीच राहिली.

मग कोरोना आला आणि गावाच्या तोंडावर फडकी आली. त्याचं जग एका आठवड्यात बंद झालं. इतकी वर्षं ओठांवर जगलेला माणूस, त्याला आता समोर नुसते डोळे दिसायचे. वहिनी म्हणाल्या, तो दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्यांना ओरडायचा, "तोंड उघडं करा रे, मी काय खायलोय का तुमाला!"

मला तो रोग झाला. बारा दिवस ऑक्सिजनवर होतो. तिथे पडल्या पडल्या ठरवलं, वाचलो तर आधी पोखर्णीला जायचं. वाचलो. चालता येऊ लागल्यावर मुलाने गाडीने सोडलं. तो ओट्यावरच होता. उठला, माझे खांदे धरले, उजेडाकडे वळवलं आणि माझ्या मास्ककडे बोट केलं.

"काढ की ते."

मी नाकाजवळ हात नेला. कापडाला बोटं लागली. आणि मी मान हलवली, छातीकडे बोट केलं, खोकल्याची खूण केली. आजारी होतो, काढता येत नाही. खरं तर मला बरं होऊन महिना झाला होता.

मग मी बोललो. सगळं. टाच, तीन आकडे, चौथं वर्ष, पेन, 'लिहिलं' म्हणालो ते, कारकून नव्हताच ते. बोलता बोलता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तो माझ्या डोळ्यांकडे बघत मान हलवत राहिला, न कळणाऱ्या प्रत्येक माणसासमोर हलवायचा तशी. मी थांबलो तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय म्हणलास काय की. पण लय दिवसांनी एवढं बोललास बघ. आजारपणात लय घाबरला होतास का? रडू नको. सगळं ठीक होतंय."

वहिनी आत चुलीपाशी होत्या. त्यांनी काही ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी चहा न घेता निघालो. घोटभर चहासाठीसुद्धा मास्क काढावा लागला असता.

त्यानंतर तो साडेतीन वर्षं होता. सगळ्यांचे मास्क निघाले. तो फोनवर बोलू शकत नव्हता, म्हणून नातवाकडून निरोप पाठवायचा, "डाक्टरला म्हणावं ये, बसू जरा." मी गेलो नाही. गुडघे दुखतात, असं कळवत राहिलो.

गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. मातीला मी गेलो. आप्पाही आले, चौऱ्याऐंशीचे, काठी टेकत. लोकांच्या मागे, बाभळीखाली उभे राहिले. पुढे आले नाहीत, माती टाकली नाही. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी तुमी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. ह्यांना खरंच ऐकू येत नव्हतं ओ."

"सांगतो," मी म्हणालो. आप्पांच्या दिशेने पाच-सात पावलं गेलोही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"हाय," ते म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

हे लिहून झालं की पहिली प्रत सही करून आप्पांना नेऊन देणार आहे. ते घेतील का, वाचतील का, ठाऊक नाही. मास्तर आता नाहीत, पण नातवाकडून वाचून घेता येईल. त्यांना जे सांगायचं ते वर लिहिलं आहे. त्याला जे सांगायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते उघड्या तोंडाने सांगायला मला दोन मिनिटं लागली नसती.

गड्या, कागद कुणी बदलला नव्हता. कारकून नव्हताच. तू म्हणालास खरं लिही, मी लिहितो म्हणालो आणि भिऊन खोटं लिहिलं, अन तुझ्या तोंडावर लिहिलं म्हणून सांगितलं. माय हाका मारत होती तेव्हा तुला ऐकू येत नव्हतं, हे तुझ्या भावाला ठाऊक नव्हतं, मला होतं. तुझा काही गुन्हा न्हाई. माझा हाय. माफ कर मला.